मोठ्या आतड्याच्या कर्करोगाकडे पाहताना

जगात दरवर्षी ज्यांना नव्याने कर्करोग झाल्याचे कळते, त्यांच्यातल्या जवळजवळ दहांतल्या एकाचा आजार मोठ्या आतड्यात किंवा गुदाशयात असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात असे 19 लाखांहून अधिक रुग्ण आढळले आणि सुमारे 9 लाख माणसे या आजाराने दगावली. नव्या रुग्णांच्या संख्येत फुप्फुस आणि स्तन यांच्या कर्करोगांनंतर त्याचा क्रमांक तिसरा लागतो. मृत्यूंच्या संख्येत फुप्फुसानंतर दुसरा. तरीही तोंडाच्या, स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल आपण जितके ऐकतो, वाचतो, त्याच्या मानाने याच्याविषयी फार थोडे कानावर येते. कारण शोधायला दूर जायला नको. हा आजार ज्या जागी होतो आणि ज्या खुणांनी ओळखू येतो, त्यांचा उच्चारही आपण घरात आडवळणाने करतो.

वाचकांनी हा संकोच घटकाभर बाजूला ठेवावा, एवढीच पहिली विनंती. पुढची पाने वैद्यकाच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतीलच; पण ती लिहिताना डोळ्यांसमोर होता तो जिज्ञासू, शहाणा, वैद्यकाशी संबंध नसलेला माणूस. या विषयात त्याला गुंतवून ठेवील असे पुष्कळ आहे. इथे एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या साध्या वाक्यातून निघालेले शंभर वर्षांचे संशोधन आहे. गावोगाव हिंडून रुग्णांची नोंद करणारे बार्शीचे कार्यकर्ते आहेत. शरीरातला एक पातळ पापुद्रा न फाटता सोडवायचा कसा, हे शिकवत देशोदेशी फिरलेला शल्यचिकित्सक आहे. आणि मुख्य म्हणजे, इथे यश आहे. कर्करोगाच्या इतिहासात जी थोडी निःसंशय यशे सांगता येतात, त्यांत याचा समावेश होतो. ते यश अपुरे आहे, जगभर सारखे वाटले गेलेले नाही, पण खरे आहे.

आधी शरीराची थोडी ओळख. लहान आतड्यातून पातळ होऊन आलेल्या अन्नाच्या शेषातले पाणी आणि क्षार मोठे आतडे शोषून घेते. त्याची लांबी सुमारे दीड मीटर, आणि त्यातला शेवटचा साधारण 15 सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. आतड्याच्या आतले अस्तर दर चार-पाच दिवसांनी जवळजवळ नवे होते. इतक्या वेगाने पेशी घडत असल्या की नक्कल करताना चुका होणारच. बहुतेक चुका शरीर स्वतःच निस्तरते. काही राहून जातात, आणि त्यांतून कधीकधी अस्तरावर एक लहानसा कोंब उगवतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ लोकांत असे कोंब असतात, आणि त्यांतले बहुतेक कधीच कर्करोगाचे रूप घेत नाहीत. जे घेतात त्यांनाही साधारण दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ बेसिल मॉर्सन यांनी कोंबापासून कर्करोगापर्यंतचा हा क्रम सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला; बर्ट व्होगेलस्टाइन आणि एरिक फेअरॉन यांनी 1990 मध्ये त्याच्या एकेका टप्प्याशी एकेक बिघडलेले जनुक जोडून दाखवले.

दहा वर्षे! हा आकडा वाचकांनी मनात धरून ठेवावा, कारण पुढचे सारे त्याच्याभोवती फिरते. आजार सावकाश येतो, बराच काळ एका जागी बसून असतो, आणि त्या जागेपर्यंत दुर्बीण पोहोचू शकते. यकृत किंवा स्वादुपिंड यांच्या बाबतीत हे तिन्ही योग एकत्र येत नाहीत.

आता आकड्यांकडे वळू. या विषयातल्या नवख्या वाचकाची पहिली फसगत आकड्यांतच होते, म्हणून इथे जरा रेंगाळायला हवे. तीन आकडे नेहमी समोर येतात. एका वर्षात लाख लोकसंख्येमागे किती जणांना नव्याने आजार निघाला, किती जण त्याने दगावले, आणि निदान झाल्यापासून पाच वर्षांनी किती जण हयात आहेत. वर्तमानपत्रांना तिसरा आकडा आवडतो. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या मध्याला पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 50 टक्के होते, आता ते 65 टक्क्यांच्या आसपास आहे. हे ऐकून आनंद होतो, पण एवढ्यावर सुधारणा सिद्ध होत नाही. पुण्याहून दादरला निघालेल्या एका प्रवाशावर आपण लोणावळ्यापासून नजर ठेवली काय किंवा कल्याणपासून ठेवली काय, तो दादरला उतरतो त्याच वेळी; मात्र लोणावळ्यापासून घड्याळ लावणाऱ्याला त्याचा प्रवास लांबल्यासारखा वाटतो. निदान लवकर झाले की निदानानंतरची वर्षे आपोआप वाढतात, मग मृत्यूची तारीख तीच का असेना.

म्हणून जाणकार मृत्यूदर पाहतात. तिथे घड्याळाची ही चलाखी चालत नाही. अमेरिकेत वयाचा हिशेब धरून 1970 मध्ये लाख लोकांमागे दरवर्षी सुमारे 29 मृत्यू या आजाराने होत. 2020 पर्यंत तो आकडा 13 च्या आसपास आला. अर्ध्याहून खाली. ही घट खरी आहे, आणि ती कशाने झाली हा या क्षेत्रातला सर्वांत रसाळ प्रश्न आहे.

त्याचे उत्तर पुष्कळांना अनपेक्षित वाटते. 1975 ते 2000 या पंचवीस वर्षांत अमेरिकेतला मृत्यूदर 26 टक्क्यांनी घटला, आणि त्याची विभागणी करणारे एक गणिती प्रारूप 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार निम्म्याहून थोडे अधिक श्रेय लक्षणे नसताना केलेल्या तपासणीचे, म्हणजे स्क्रीनिंगचे. सुमारे एक तृतीयांश श्रेय धूम्रपानासारखे धोके कमी झाल्याचे. आणि उरलेला आठवा हिस्सा सुधारलेल्या उपचारांचा. त्यानंतरच्या काळात उपचारांचा वाटा वाढला आहे हे खरे. पण ज्या आजारात एकेका इंजेक्शनची किंमत लाखात सांगितली जाते, त्या आजारात सर्वांत जास्त जीव शौचाच्या नमुन्यावरच्या स्वस्त चाचणीने आणि एका लवचिक दुर्बिणीने वाचवले, ही गोष्ट मला फार आवडते.

त्या स्वस्त चाचणीची हकीकत 1960 च्या दशकात सुरू होते. ओहायोतील डेव्हिड ग्रेगर या डॉक्टरांनी ग्वायक नावाच्या झाडाच्या डिंकाचा लेप असलेल्या कागदी पट्ट्या रुग्णांच्या हाती देऊन घरी पाठवायला सुरुवात केली. कोंबातून किंवा गाठीतून झिरपणारे रक्त डोळ्यांना दिसत नाही इतके थोडे असते. त्या पट्टीवर रसायनाचा थेंब टाकला की निळा डाग उमटतो. ही क्लृप्ती खरोखर जीव वाचवते का, हे ठरवायला मात्र कित्येक वर्षे जावी लागली. मिनेसोटातील 46 हजारांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष 1993 मध्ये आला: दरवर्षी चाचणी करणाऱ्या गटात या आजाराचे मृत्यू 33 टक्क्यांनी कमी. ब्रिटन आणि डेन्मार्कमधील दोन मोठ्या अभ्यासांनी 1996 मध्ये त्याला दुजोरा दिला. तिथे चाचणी वर्षाआड होती, आणि फायदाही त्या मानाने कमी दिसला. पुढे फक्त माणसाचेच रक्त ओळखणारी सुधारित चाचणी आली. जपानने 1992 मध्ये ती देशव्यापी कार्यक्रमात घेतली, आणि आज जगातले बहुतेक संघटित कार्यक्रम तिच्यावरच चालतात.

लवचिक दुर्बीण म्हणजे कोलोनोस्कोप. न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी 1969 मध्ये तिच्यातून तारेचा फास आत सोडून कोंब जागच्या जागी कापून काढायची पद्धत रूढ केली. वरवर पाहता ही एक तांत्रिक सोय वाटते. पण तिच्यामुळे तपासणीचा अर्थच पालटला. बाकीच्या बहुतेक तपासण्या कर्करोग लवकर शोधतात. इथे तो होण्याआधीच त्याचे मूळ काढून टाकता येते.

स्क्रीनिंगच्या अभ्यासांत एक खाचखळगा आहे, तोही सांगून ठेवतो. 2022 मध्ये नॉर्वे, पोलंड आणि स्वीडनमधील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला आणि ‘कोलोनोस्कोपीचा फारसा उपयोग नाही’ असे मथळे झळकले. ज्यांना कोलोनोस्कोपीसाठी बोलावले होते त्यांच्यात दहा वर्षांत आजाराचे प्रमाण 18 टक्क्यांनीच कमी झाले होते आणि मृत्यूंत ठोस फरक दिसला नव्हता. पण बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्ष आले होते 42 टक्के. आमंत्रण पाठवल्याचा परिणाम आणि तपासणी केल्याचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोरण आखणाऱ्याला पहिला आकडा हवा असतो, घरी बसून विचार करणाऱ्या माणसाला दुसरा. असे आकडे वाचताना तुम्ही ‘बोलावलेले की आलेले’ एवढे जरी विचारलेत, तरी अर्धे वाद आपोआप निवळतील. याच्या उलट उदाहरण उत्तर कॅलिफोर्नियातील कायझर पर्मनन्टे या आरोग्यसंस्थेचे आहे. तिने चाचणीचे संच टपालाने सभासदांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. 2000 मध्ये तपासणी वेळच्या वेळी झालेल्यांचे प्रमाण 39 टक्के होते, ते 2015 पर्यंत 83 टक्क्यांवर गेले आणि मृत्यू निम्म्याने घटले. पुढे कृष्णवर्णीय आणि गोऱ्या सभासदांच्या मृत्यूदरांतली जुनी दरीही तिथे जवळजवळ बुजली.

आता शस्त्रक्रियेकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे अर्नेस्ट माइल्स गुदाशयाच्या कर्करोगावर खालच्या बाजूने शस्त्रक्रिया करीत. त्यांच्या 57 रुग्णांपैकी 54 जणांना आजार पुन्हा उलटला. माइल्स यांनी हे लपवले नाही. त्यांनी मृत रुग्णांच्या शवविच्छेदनातून आजार वरच्या दिशेने कुठे कुठे पसरतो ते शोधले आणि 1908 मध्ये पोटातून व खालून अशी दुहेरी शस्त्रक्रिया मांडली. तिने जीव वाचू लागले, पण गुदद्वार कायमचे जाई आणि पोटावर मल गोळा करणारी पिशवी येई. त्याच लंडनमध्ये कथबर्ट ड्यूक्स यांनी 1932 मध्ये आजार किती खोल गेला आहे त्यानुसार अ, ब, क अशा पायऱ्या पाडल्या. आजच्या ‘स्टेज’ची ही आजी म्हणता येईल. आतड्यापुरता सीमित आजार असेल तर पाच वर्षे जगण्याची शक्यता आज अमेरिकेत 90 टक्क्यांच्या घरात आहे, आणि दूर पसरला असेल तर 15 टक्क्यांच्या आसपास. एका पायरीचा फरक किती महाग पडतो ते यावरून कळावे.

त्यानंतरची मोठी झेप ब्रिटनमधील बेसिंगस्टोक या छोट्या शहरातून आली. गुदाशयाभोवती चरबीचे आणि रसग्रंथींचे एक आवरण असते. बिल हील्ड यांचे म्हणणे असे की हे आवरण अखंड, त्याचा पातळ पापुद्रा न फाडता बाहेर काढले, तर आजार त्या जागी उलटण्याचे कारणच उरत नाही. 1982 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले तेव्हा पुष्कळांनी अविश्वास दाखवला. हील्ड मग स्वतः देशोदेशी जाऊन शस्त्रक्रिया करून दाखवू लागले. नॉर्वेने 1993 पासून ही पद्धत शल्यचिकित्सकांना शिकवून प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद ठेवायला आरंभ केला. पूर्वी तिथे साधारण चौघांपैकी एकाला आजार त्याच जागी उलटत असे. ते प्रमाण दहांपैकी एकाच्या आसपास आले. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. हात कसा चालवायचा एवढेच बदलले होते.

आणि मग हातच चालवायचा नाही, असे म्हणणारी एक बाई उभी राहिली. साओ पाउलोच्या अँजेलिता हाब्र-गामा यांच्या लक्षात आले की शस्त्रक्रियेआधी दिलेल्या केमोथेरपी आणि रेडिएशनने काही रुग्णांची गाठ पूर्ण विरघळून जाते. मग कापायचे कशाला? बारीक नजर ठेवून वाट पाहू, असे त्यांनी सुचवले. 2004 मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष सविस्तर मांडले तेव्हा अनेक शल्यचिकित्सकांना तो वेडेपणा वाटला होता. आज निवडक रुग्णांसाठी ही मान्य पद्धत आहे. ज्यांची पोटावरची पिशवी त्यामुळे टळली, त्यांना या वादाचे मोल विचारावे.

या क्षेत्राची माझ्या मते सर्वांत सुंदर कथा मात्र एका घराण्याची आहे. मिशिगन विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ अल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई होती. 1895 मध्ये तिने त्यांना सांगितले की माझ्या घरातले पुष्कळ लोक आतड्याच्या, पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेले, मीही लवकर त्यानेच जाईन. ती तशीच गेली. एखाद्याने हे दुर्दैव म्हणून सोडून दिले असते. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची वंशावळ काढली आणि 1913 मध्ये ‘घराणे जी’ या नावाने प्रसिद्ध केली. त्या काळी कर्करोग आनुवंशिक असतो हे फारसे कोणी मानत नव्हते. साठच्या दशकात नेब्रास्काचे हेन्री लिंच यांनी हा धागा पुन्हा हाती घेतला, इतर घराणी जमवली, आणि तेही बराच काळ थट्टेचे धनी झाले. अखेर 1993 मध्ये जनुक सापडले. पेशी स्वतःची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारे हे जनुक. ते बिघडले की चुकांचा ढीग साठतो. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या वंशजांतही तोच बिघाड असल्याचे नंतर दाखवता आले. मोठ्या आतड्याच्या दर शंभर रुग्णांमागे सुमारे तिघांना हा आनुवंशिक विकार असतो, आणि आता त्याला लिंच यांचेच नाव आहे.

कथा इथे संपत नाही. चुकांचा असा ढीग साठलेल्या गाठी शरीराच्या प्रतिकारशक्तीला परक्या वाटतात. फक्त गाठीने तिचे हात बांधून ठेवलेले असतात. ते हात मोकळे करणारी औषधे गेल्या दशकात आली. जून 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयाने गुदाशयाचा असा कर्करोग असलेल्या 12 रुग्णांना डोस्टार्लिमॅब हे एकच औषध दिल्याचे जाहीर केले; बाराही जणांची गाठ नाहीशी झाली, शस्त्रक्रिया नाही, रेडिएशन नाही. आपल्याकडेही तेव्हा ‘कर्करोगावर रामबाण औषध’ म्हणून बातम्या झाल्या, आणि डॉक्टरांना नातेवाइकांचे फोन येऊ लागले. बातमी खरी होती, पण गुदाशयाच्या कर्करोगांत असा दुरुस्तीचा बिघाड शंभरांत पाच ते दहा जणांतच असतो. उरलेल्यांना हे औषध तितके लागू पडत नाही. तुमच्या घरी कोणाला हा आजार असेल, तर औषधाचे नाव विचारण्याआधी गाठीतल्या या बिघाडाची तपासणी झाली आहे का ते विचारा.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात. 1957 मध्ये चार्ल्स हायडेलबर्गर यांनी तयार केलेले फ्लुरोयुरासिल अजून पाया आहे. त्यावर पुढे इरिनोटेकॅन, ऑक्झॅलिप्लॅटिन आणि 2004 पासून नेमकी लक्ष्ये साधणारी औषधे चढत गेली. आजार पसरलेल्या रुग्णाचे आयुष्य पूर्वी एखादे वर्ष धरत. आता चांगल्या अभ्यासांत निम्मे रुग्ण अडीच वर्षांपलीकडे जातात, आणि यकृतातल्या मोजक्या गाठी काढता आल्या तर काही जण पूर्ण बरेही होतात. 2025 मध्ये आलेल्या एका अभ्यासात केमोथेरपीनंतर तीन वर्षे नियमित, देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांत पाच वर्षांनी आजारमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण 80 टक्के होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत 74 टक्के. एखाद्या औषधाने हा फरक पाडला असता तर त्याची मोठी जाहिरात झाली असती.

कारणमीमांसेत शिरताना वाचकांनी धीर धरावा. युगांडात काम केलेले आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांना आफ्रिकेतल्या खेड्यांत हा आजार क्वचितच दिसे. तिथल्या आहारातला चोथा हे कारण असावे, असे त्यांनी 1971 मध्ये मांडले. कल्पना मोहक होती, पण चोथा वाढवून कोंब पुन्हा येणे थांबते का हे पाहणाऱ्या 2000 मधील दोन मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. लाखो लोकांच्या आहाराची दीर्घकाळ नोंद ठेवणाऱ्या अभ्यासांत मात्र तो दिसत राहिला. खारवलेले, धुरवलेले मांस रोज 50 ग्रॅम खाणाऱ्यांत धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असे 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने म्हटले. स्थूलपणा, मद्य, तंबाखू, बैठे जीवन यांचा वाटा ठरलेला आहे. यांतले कोणतेही एक कारण सगळे ओझे उचलत नाही, एवढे ध्यानात ठेवले तर आहाराच्या बातम्यांनी तुम्ही हेलकावणार नाही.

आपल्या भागातल्या अभ्यासाचा अभिमान वाटावा अशा दोन गोष्टी आहेत. लोकसंख्येवर आधारलेली भारतातली पहिली कर्करोग नोंदणी 1963 मध्ये मुंबईत सुरू झाली, ती इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आणि डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी बार्शीला निघाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतले रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, म्हणून कार्यकर्तेच गावागावांत गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशयितांना तपासणीला आणले. ग्रामीण भारतात आतड्याचा कर्करोग शहरांपेक्षा कमी आहे, हे आपण आज खात्रीने म्हणतो, ते अशा पायपिटीच्या बळावर.

भारताचा एकूण आकडा 2022 च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे 70 हजार नवे रुग्ण आणि 40 हजारांच्या आसपास मृत्यू असा आहे. वयाचा हिशेब धरून लाखामागे पाच. डेन्मार्क, नॉर्वेत हाच आकडा चाळिशीच्या वर आहे. म्हणजे आपल्याकडे हा आजार कमी होतो. पण होणाऱ्यांमध्ये दगावणाऱ्यांचे प्रमाण जास्त आहे, कारण रुग्ण उशिरा पोहोचतो. शौचातून रक्त गेले की घरातले, शेजारचे आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा मूळव्याध म्हणून मोकळे होतात, आणि मलम, चूर्ण, काढे यांत महिने जातात. बहुतेकांना मूळव्याधच असते, हेही खरे. पण रक्त थांबत नसेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, वजन उतरत असेल, किंवा पुरुषाचे अथवा पाळी गेलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन कारणाशिवाय घसरत असेल, तर आत दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय मूळव्याध हे निदान पुरे मानू नये. बोटाने केलेली साधी तपासणीही गुदाशयातल्या पुष्कळ गाठी सांगून जाते. ती टाळण्यात रुग्णाइतकाच डॉक्टरचाही संकोच असतो.

तरुणांचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत दिसते. आपली लोकसंख्याच तरुण असल्याचा यात वाटा आहे, पण सारे स्पष्टीकरण तेवढ्यावर होत नाही. अमेरिकेत तर नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पन्नाशीच्या आतल्या लोकांत हा आजार वाढतो आहे, तोही ज्येष्ठांत तो घटत असताना. अभिनेता चॅडविक बोसमन 2020 मध्ये 43 व्या वर्षी गेला तेव्हा सामान्य लोकांपर्यंत ही गोष्ट पोहोचली. स्क्रीनिंग सुरू करण्याचे वय तिथे 50 वरून 45 वर आणले गेले. 2025 मध्ये अकरा देशांतल्या रुग्णांच्या गाठींच्या जनुकांचा अभ्यास झाला. आतड्यातले काही जिवाणू सोडतात त्या कोलिबॅक्टिन या विषाची खूण तरुण रुग्णांत अधिक आढळली, आणि ती खूण बहुधा बालपणीच उमटलेली असावी. हे अजून कारण ठरलेले नाही. धागा मात्र पकडण्याजोगा आहे.

मग आपण काय करावे? भारताच्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. आजच्या प्रमाणात सर्वांची तपासणी करणे योग्य ठरेल असे मला वाटत नाही. आजार विरळ, दुर्बिणीने तपासणारे हात थोडे, आणि आव, जंत, मूळव्याध यांमुळे शौचात रक्त सापडणारी माणसे अमाप. खऱ्या गरजूची रांग त्यानेच लांबेल. सुरुवात घराण्यांपासून करावी, वॉर्थिन यांनी केली तशी. ज्याला हा आजार निघाला त्याच्या आई-वडिलांनी, भावंडांनी आणि मुलांनी चाळिसाव्या वर्षापासून, किंवा घरातल्या सर्वांत तरुण रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून, यांतले जे आधी येईल तेव्हा, कोलोनोस्कोपी करून घ्यावी, असे बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. भावाला पंचेचाळिसाव्या वर्षी आजार निघाला असेल, तर बहिणीची वेळ पस्तिशीला येते. शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना रुग्णाला जो कागद दिला जातो, त्यावर ही एक ओळ मराठीत छापायला कोणतीही नवी योजना किंवा नवा निधी लागणार नाही.